न विचारता घेतलेलं

दि. १२ मार्च

ति. वहिनींना,
साष्टांग नमस्कार.

तब्येत कशी आहे? माझी ठीक. गुडघे कुरकुरतात, बाकी तक्रार नाही. सेहेचाळीस वर्षं रंगभूमीवर आणि पडद्यावर झाली, आता थांबतोय. रविवारी शेवटचा प्रयोग.

आठवतं? माझ्या पहिल्या नाटकाची तालीम तुमच्या स्वयंपाकघरात व्हायची. तुम्ही लसूण सोलत नायिकेची वाक्यं म्हणायचात, अगदी किराण्याची यादी वाचावी तशी. दादा हसून लोळायचा. तुमच्यामुळेच मला वाक्यं पाठ झाली.

एकोणीस वर्षांत मी पत्र लिहिलं नाही. चित्रीकरणातून सवड मिळत नाही, असं सगळ्यांना सांगत आलो. खोटं होतं ते.

गेल्या आठवड्यात तालमीत एका नव्या मुलीचा प्रवेश होता, नायिकेला नवरा गेल्याची बातमी कळते तो. दिग्दर्शक मला म्हणाला, "तुमचं ते सिनेमातलं दाखवा हिला." मी दाखवलं. गॅस बंद केला, दुधावर झाकण ठेवलं, चष्मा घडी करून त्याच्या घरात घातला आणि विचारलं, "डबा खाल्ला होता का?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "काका, हे सुचलं कसं तुम्हाला?"

आजवर प्रत्येक मुलाखतीत मी 'निरीक्षण' असं उत्तर दिलं. त्या दिवशी जीभ वळेना. म्हटलं, "सुचलं नाही. माझ्या वहिनीचं आहे. न विचारता घेतलं." मग तो प्रवेश वेगळा बसवायला लावला.

वहिनी, दादाच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी दारात उभा होतो. तुम्हाला धरायला हवं होतं. मी तुमचे हात बघत राहिलो. माझा भाऊ गेला होता, आणि माझ्यातला नट टिपून घेत होता. तेच पुढे सिनेमात केलं आणि त्यावर मला पारितोषिक मिळालं. तुम्ही मध्यंतरातच थिएटरातून उठून गेलात, हे तुमच्या बहिणीकडून कळलं.

आणखी एक राहिलंय. तुमच्या प्रश्नाला तेव्हा कुणी उत्तर दिलं नव्हतं. दादाने डबा खाल्ला होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. सगळा संपवला, भाजी झकास झालीये म्हणाला आणि हात धुऊन आल्यावर खुर्चीतच मान टाकली. आधी गडबडीत सांगायचं राहिलं. मग सिनेमा आला, आणि सांगायला तोंड उरलं नाही.

माफी मागत नाही. तेवढा हक्क राहिलेला नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने येतोय. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही उघडलंत तर पायरीवर थोडा वेळ टेकून परत जाईन.

ज्याच्याकडून तुम्ही वाक्यं पाठ करून घेतलीत तो,
तुमचा धाकटा दीर