काकांचे बूट काकांनाच

मी, गोल्फ कोर्सवर पाणी उपसणारी, परवाच अठरा पूर्ण झालेली, हे माझ्या हाताने लिहितेय. डोकं ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. गुरुवारी हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही गं," आणि लगेच "काही झालं तर"च्या कागदावर सही घेतली. म्हणून हाही कागद. शाळा आठवीत सुटली, चुका सांभाळून घ्या.

१. बँकेत असेल ते आईचं. लोकरीची टोपीपण.

२. सायकल दादाची, पण मला 'मुकी' म्हणणं सोडलं तरच. नाहीतर गेटवर ठेवा, कुणीही न्या.

३. दव झाडायची लांब काठी कोर्सचीच आहे, मूठ मात्र मी गुंडाळलीय. माझ्या जागी येईल तिला द्या. पाऊस थांबला की आधी तळ्याकडच्या गटाराची जाळी साफ कर म्हणावं. तिथे दिवसभर कुणी बोलायला नसतं, हेही सांगा.

४. दाराआडचे मोठे बूट गवत कापायच्या मशीनवाल्या काकांचे. मागच्या थंडीत माझ्या बुटांत पाणी शिरायचं. काका म्हणाले, "घाल माझे. तू गारठलीस तर पाणी कोण काढणार, माझी सासू?" मी दोन-दोन मोजे घालून ते वापरायचे.

एका सकाळी दव गोठून गवत पांढरं झालेलं. अशा गवतावर पाय ठेवला की पातं आतून मोडतं, हे काकांनीच शिकवलेलं. पण सातव्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, झेंडा पडलेला दिसला आणि मी सरळ गेले. दुपारी काळे ठसे उमटले. काकांच्या बुटांचे.

मुकादम काकांवर ओरडले, "वीस वर्षं इथे काय गवत उपटत होतात?" माझ्या पायांकडे त्यांनी बघितलंच नाही. मी तशी कुणाला दिसत नाहीच. काकांनी मात्र बघितलं आणि माझं नाव घेतलं नाही. मी तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. त्याच दिवशी काकांना कामावरून काढलं. जाताना म्हणाले, "बूट राहू देत, थंडी आहे अजून."

ठसे जायला सात आठवडे लागले. रोज त्यांच्या कडेने झाडत होते.

मुकादम, ते ठसे माझे. काकांना परत बोलवा. बूट आत कागद भरून वाळवलेत, त्यांना द्या. हे कलम मी जगले तरी लागू. म्हणून मरायची वाट न बघता हा कागद आजच कामाच्या फळ्यावर लावतेय.

ठिकाण: मशीनची शेड. तारीख नऊ, मंगळवार सकाळ. पाऊस चालू, सातवं ग्रीन बंद.

सही: माझी, खाली केलीय.

साक्षीदार पहिली: कँटीनवाल्या ताई. वाचून म्हणाल्या, "अगं, एवढं बोलतेस होय तू!"

साक्षीदार दुसरा: जागा रिकामी ठेवलीय. काका, ही तुमची. पेन दोरीला बांधलंय.