मार्लिसकडे राहिलेलं भांडं

फार्गो, सोमवार

प्रिय आई,

प्रभूच्या कृपेनं इथे बर्फ सोडला तर सगळं बरं आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

माझी मैत्रीण मार्लिस चर्चला का येईना, ते कळलं. तिचं मन खचल्यापासून लोरेटा, मी आणि मंडळीतल्या इतर बायका भांड्यांतून जेवण पोचवत होतो, पण ती भांडी धुवून परत करायचंही तिला बळ नव्हतं.

मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "तोंड कसं दाखवू? देवही रागावला असेल."

मी म्हटलं, "देव नाही, लोरेटा रागावलीय. तिचं भांडं दे आधी!"

ती हसली, मग रडली. आम्ही प्रार्थना केली आणि भांडी घासली. डॉक्टरकडेही मीच नेते.

माझं भांडं मात्र तिनं दिलं नाही. "राहू दे. ते न्यायला तरी येशील."

आई, मी रोज जाते आणि ते तिथेच विसरून येते.

तुझी,
जोलीन