दुसऱ्या दिवशी तीच स्कूटर

चिखली

तीर्थरूप आईस विजयश्रीचा नमस्कार,

आधी सांगते, मी बरी आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून लिहिते.

इथे मोबाइलवरून इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याने मिळतात. सोमवारी निगडीचा पूल उतरताना माझ्या स्कूटरचा ब्रेक लागलाच नाही. पुढच्या बसवर आदळू नये म्हणून मी ती दुभाजकावर घातली. डाव्या हाताला प्लास्टर आहे. खोलीवरची स्वरूपा वेणी घालून देते.

पडल्याचा मला राग नाही. दुसऱ्या दिवशी तीच स्कूटर, फुटक्या आरशासकट, पुलाजवळच पुन्हा भाड्याला उभी होती आणि कॉलेजची एक मुलगी ती घेत होती. मी तिला थांबवलं आणि स्कूटरवर ठाण मांडून तक्रारीच्या नंबरवर फोन लावत राहिले. शेवटी त्यांचा माणूस टेम्पो घेऊन आला.

"मॅडम, ब्रेक चेक केलाय. तुमचाच बॅलन्स गेला असेल."

"मग पुलावरून एक चक्कर मारून दाखवा," मी म्हटलं.

त्याने पुलाकडे पाहिलं आणि गाडी टेम्पोत चढवली. जिच्यावर बसायला तो स्वतः धजला नाही, ती त्या पोरीसाठी खुशाल उभी करून ठेवली होती. आठवलं की अजून अंग पेटतं.

मी आता कंपनीच्या बसनेच महाळुंग्याला कामावर जाते. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना हाताचं सांग. पुलाचं आणि त्या पुढच्या बसचं मात्र तुझ्यापाशीच ठेव.

तुझी,
विजू