घेवड्याचा रविवार वर्ग

रविवार, ३ मार्च
बागेतल्या निसर्गवर्गाचा पहिला दिवस. बालविभागाचा प्रमुख मी की ती गाणीवाली, हे डायरेक्टर याच महिन्यात ठरवणार. स्पर्धा कसली, डोंबलाची! मी वनस्पतिशास्त्राचा एम.एस्सी., आणि ही बाई मुलांना घेऊन झाडांना मिठ्या मारते. वर गाणी म्हणते.

माझ्या गटात डझनभर कार्टी. त्यात माझी मुलगीही. बघू दे बापाचं कर्तृत्व जवळून. आज पानांचे प्रकार सांगितले, लॅटिन नावांसकट. दोघं झोपली. हल्लीच्या मुलांना ज्ञान सोसत नाही.

शनिवार, ९ मार्च, संध्याकाळ
उद्या घेवडा पेरायचा. गाणीवालीही घेवडाच पेरणार, पण दाणे नुसते गार पाण्यात भिजवते म्हणे. अडाणीपणा! टणक बियांना उकळतं पाणी लागतं. बाभळीच्या बियांवर मी स्वतः केलंय. घेवडा काय कमी टणक असतो? दाणे थर्मासमध्ये टाकले, वर उकळतं पाणी, झाकण घट्ट. बायको म्हणाली, आमच्यात याला स्वयंपाक म्हणतात. दुर्लक्ष केलं.

रविवार, १० मार्च
कागदी पेल्यांत पेरणी झाली. दाणे काय टपोरे फुगले होते! चष्मेवाला पोरगा सारखा म्हणत होता, सर, माझा दाणा चिरडला. हात जरा हलका ठेव, म्हटलं. घरी आईबाप काही शिकवतच नाहीत.

रविवार, १७ मार्च
गाणीवालीकडच्या पेल्यांत हिरवेगार कोंब. आमच्याकडे माती. सवंग लोकप्रियता, दुसरं काय! माझ्या बिया आधी मुळं पक्की करतायत. मुलांना उकरून बघायचं होतं. सक्त मनाई केली. मुलीने विचारलं, बाबा, आपणही गाणं म्हणून बघायचं का? सगळ्यांसमोर झापली. येताना रस्ताभर चार पावलं मागेच चालली. वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

शनिवार, २३ मार्च
उद्या डायरेक्टर येणार. पेले अजून रिकामेच. असू देत. ‘निसर्ग आणि संयम’ यावर भाषण तयार आहे. आरशासमोर म्हणून बघितलं, माझेच डोळे पाणावले. नव्या केबिनला निळे पडदे लावावेत, असं मत झालंय.

रविवार, २४ मार्च, दुपार
भाषण अप्रतिम रंगलं होतं. डायरेक्टरांनी नेमकं मध्येच माझ्या मुलीला विचारलं, तुमचं का नाही गं उगवलं? तिने पेला उपडा केला, दाणा चिमटीत धरला. लगदा झाला. वासही आला. म्हणाली, बाबांनी थर्मासमध्ये शिजवले ना, म्हणून. डायरेक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीठ घातलं होतं का, म्हणून मलाच विचारलं. उच्च पदावरच्या माणसाला हा पांचटपणा शोभतो?

संध्याकाळ
विभाग गाणीवालीला. उघड उघड राजकारण. उद्या राजीनामाच तोंडावर फेकणार होतो. बायको म्हणाली, फेका, आणि परवापासून घरी बसा. तूर्तास विचार पुढे ढकलला.

मुलगी आत्ता येऊन दारात उभी राहिली. घाबरत घाबरत म्हणाली, बाबा, रागावू नका, पुढच्या रविवारपासून मी त्या मावशींच्या गटात गेले तर चालेल?

म्हटलं, गट आता एकच आहे. मीही त्यातच आहे.

तिला फार आनंद झाला.