पाळण्यांची प्रुफं

नवी पेठ, सोलापूर
ता. ९ डिसेंबर १९३४

प्रिय पंचाक्षरी,
सप्रेम नमस्कार.

आज पहाटे तुझा आवाज कानात घुमला. विद्यापीठाच्या छापखान्यात आपण दोघं प्रुफं तपासायचो तेव्हाचा. तू मूळ प्रत मोठ्यानं वाचायचास, विरामचिन्हांसकट: "चांदणे सांडले अंगणी स्वल्पविराम". मी प्रुफावर खुणा करायचो. कविता अशी तुकड्यातुकड्यानं ऐकूनही मला गोडच लागायची.

इकडे सर्व ठीक. थंडी बरी आहे. अक्षर वाकडं आलं असेल. टाक नीट चालत नाही.

विद्यापीठाला अखेर आमचं पाळण्यांचं पुस्तक छापावंसं वाटलं. प्रुफं अजून तुझ्याच टेबलावरून जातात म्हणे. मागचा नकारही तुझ्याच सहीनं आला होता. या गाण्यांना कर्ता नाही, विद्यापीठ आपलं नाव देऊ शकत नाही, असं त्यात होतं. छापखाना म्हणजे विद्यापीठाचं लेकरू. आईनं नको म्हटल्यावर त्यानं काय करावं? हे आज कळतं. तेव्हा मी तुझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

कुंभारी-करकंबच्या बायका पुरुषासमोर पाळणे म्हणेनात. म्हणून आमची सोजर त्यांच्यात बसून ऐकून यायची, घरी मला म्हणून दाखवायची, मी लिहून घ्यायचो. पुस्तक बघायला ती राहिली नाही. जाण्याआधी म्हणाली, "पंचाक्षरीभावजींस्नी लिवा की. त्येंच्या हातात काय हुतं?"

मी लिहिलं नाही.

पहिली प्रुफं परत धाडली. दुसरी मंगळवारच्या टपालानं जायला हवीत. मग पुस्तक छापूनच निघेल.

टाक चांगला आहे, पंचाक्षरी. मलाच दिसत नाही. हे पत्रही कागदावर पट्टी ठेवून चाचपत लिहितोय. पहिली प्रुफं मी तशीच परत केली. कळलं तर विद्यापीठ पुन्हा मागं फिरेल, ही भीती. शेजारी सारे तेलुगू, मराठी वाचणारं कोणी नाही. पाळणे मला पाठ आहेत. कोणी नुसतं वाचून दाखवलं तरी सोजरच्या गाण्यातली चूक माझ्या कानाला कळेल. पण तुला कुठल्या तोंडानं सांगू?

दार वाजतंय. थांब.

तुझी विजयमाला आलीय. एकटी, रेल्वेनं. म्हणाली, "काका, पहिली प्रुफं एकही खूण नसताना परत आली. अप्पा बराच वेळ बघत बसले. मग पाटीवर लिहिलं, महिपतीचे डोळे गेले, तू जा."

पाटीवर का, असं मी विचारलं. तुझा आवाज पावसाळ्यातच गेला म्हणे. मला कळवलं नाहीस. कळवणार तरी कसा, मी उत्तर कुठं देत होतो?

पोरीनं प्रुफं उघडली आहेत. "जो जो बाळा स्वल्पविराम". थेट तुझ्या चालीत.

ऐकतो आहे,
तुझा महिपती