दोन यंत्रांची अदलाबदल

मी, मियाओ रुइछिंग, वय एकोणतीस, राहणार लूशी, जिआंगसू प्रांत, हे स्वहस्ते लिहीत आहे. सोमवारी माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. गाठ डोक्यात असली तरी विचारशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही.

१. पुढे वाद नको म्हणून आधी नात्यांचा खुलासा. थोरले मियाओ पेइगन यांना मूल नव्हते. त्यांचे धाकटे भाऊ पेइलिन यांनी मला लहानपणीच त्यांना दत्तक दिले. तेव्हापासून रीतीप्रमाणे मी थोरल्यांना बाबा आणि जन्मदात्याला काका म्हणते. अक्षरे मला बाबांनी घरीच शिकवली.

२. दोघे भाऊ शेजारीशेजारी सोलर पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी बनवतात. बाबांनी त्यांचे यंत्र माझ्या नावावर केले. ते कळल्यावर, मुलगी नक्की कोणाची हे दाखवायला, काकांनीही त्यांचे यंत्र माझ्या नावावर केले. म्हणून दोन्ही यंत्रांची मालक मी आहे.

३. कर्ज सहज मिळत होते तेव्हा गावात प्रत्येकाने यंत्र घेतले. आता गरजेपेक्षा कितीतरी जास्त चौकटी निघतात. हॉलंडमध्ये पॅनेल इतके स्वस्त झाले की लोक ते बागेला कुंपण म्हणून लावतात. तुर्कस्तानातले आमच्या ओळखीचे कारागीर सेलमी उस्ता स्वतः चौकटी बनवत. आमच्या स्वस्त दरापुढे त्यांचा कारखाना बंद पडला. त्यांनी भेट दिलेले चहाचे पेले त्यांना परत पाठवावेत. एकही फुटलेला नाही.

४. माझी बचत आई आणि काकू यांना सारखी वाटावी. लोकरीचा कोट काकूंना. त्यांनी मला जन्म दिला, पण कधी काही मागितले नाही.

५. यंत्रांविषयी. काल दोघे भाऊ माझ्या खाटेच्या दोन बाजूंना बसले होते. दोघांनीही डब्यात एकच सूप आणले होते.

काका म्हणाले, "दादा, दोघंही तोट्यात विकतोय. तू आधी बंद कर, मोठा आहेस."

"मोठा आहे म्हणूनच तुला ओळखतो. मी बटण दाबलं की संध्याकाळी माझी गिऱ्हाइकं तुझ्या दारात."

"मग मर त्या चौकटीत."

"मरतो. तुझ्यापेक्षा स्वस्तात मरतो."

मी डोळे मिटून होते. त्यांना वाटले झोपले आहे.

दोघांनाही एक यंत्र बंद झालेले हवे आहे: दुसऱ्याचे. म्हणून बाबांचे यंत्र मी काकांना देते आणि काकांचे बाबांना. त्याचे काय करायचे हे दोघांनाही सांगावे लागणार नाही. कामगारांना आधी महिनाभराचा पगार द्यावा, एवढी अट.

६. वकील श्री. फू यांनी वाचून सांगितले की हे मी मेले तरच लागू होईल. त्याआधी नाही का, असे मी विचारले. ते म्हणाले, "अगं, जिवंत असताना मालक तूच. जा आणि बंद कर."

एक बंद केले तर मी एकाचीच मुलगी ठरेन. दोन्ही बंद केली तर कोणाचीच नाही. म्हणून नोंद करून ठेवते: मी शुद्धीवर आले तर दोन्ही यंत्रे चालू राहतील.

साक्षीदार (दोघांचाही चौकटींशी संबंध नाही):
झुओ मेइझेन, शेजारच्या खाटेवरील रुग्ण
तान वेनशिऊ, रुग्णालयातील सफाई कामगार

सही: मियाओ रुइछिंग
लूशी, १८ ऑक्टोबर २०२४