थर्मासातली भिंगं

आई, हॉलचे पडदे निळे आहेत म्हणे. मी ते हिरवे म्हणून विकत घेतले आणि दिवाळीपासून हिरवेच समजत होते. दोनेक महिन्यांपूर्वी माझी जुनी विद्यार्थिनी आली. अकोल्याकडची, आता स्वतः कॉलेजात शिकवते, तोंडाची फटकळ. ‘मॅडम, पडद्यांचा ब्लू मस्त आहे,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘तुला प्रथिनं शिकवली, रंग शिकवायचे राहिले वाटतं.’ ती हसली नाही. मला खिडकीशी नेऊन उजेडात डोळ्यांकडे बघत राहिली. ‘भिंग पिवळं पडलं की आधी निळा जातो, हे आम्हाला कोणी शिकवलं, मॅडम?’ मग मी डोळे तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा आधी करायचा आहे. कधीपासून हे तुला सांगायचं मनात आहे, कारण ह्या सगळ्याची सुरुवात तुझ्या चहाच्या थर्मासापासून झाली.

नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मुलांची पंगत, मागच्या खोलीत तू. बाबा गेल्यावर तू खानावळ काढलीस आणि माझं सगळं शिक्षण त्या खानावळीवर झालं. मी नुकतीच संशोधनाला लागले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये काढलेली भिंगं डोळ्यांच्या दवाखान्यात टाकूनच देत. डॉक्टरांची आणि पेशंटची परवानगी घेऊन मी ती प्रयोगशाळेत न्यायची. बर्फ टिकवायला काहीतरी हवं होतं आणि घरात थर्मास एकच. एका संध्याकाळी तू तो उघडतेस. आत बर्फ, बर्फात बाटली, बाटलीत सुक्या वाटाण्याएवढं पिवळट काहीतरी. ‘हे काय आहे?’ ‘डोळ्यातलं भिंग.’ ‘कुणाच्या?’ ‘माहीत नाही.’ तू झाकण घट्ट लावलंस आणि थर्मास माझ्या हातात दिलास. ‘चहाच्या थर्मासात लोकांचे डोळे आणायचे, आणि कुणाचे ते विचारायचंही नाही. ठेव आता तुलाच. ह्या घरात त्यातला चहा कुणी पिणार नाही.’ माझ्या संशोधनाला मिळालेली ती पहिली देणगी.

‘त्यात बघतेस तरी काय एवढं?’ असं तू पोळ्या लाटताना विचारायचीस आणि मी घाईत काहीतरी सांगून निघायची. आज नीट सांगते. पेशीत प्रथिन तयार झालं की काम संपत नाही. त्याच्यावर पेशी बारीकसारीक रासायनिक खुणा लावते. खूण लागली की एखादं प्रथिन कामाला लागतं, पुसली की थांबतं. कधी वाढायचं, कधी थांबायचं, कधी मरायचं, हे पेशीला अशाच खुणांवरून कळतं. पण काही खुणा कुणीही न सांगता लागतात. साखर त्यातली. जास्त झाली की ती प्रथिनाला आपली आपण चिकटते, आणि वर्षं गेली की रंग पिवळट, मग तपकिरी होतो, दूध आटताना होतो तसा. रक्तातल्या तांबड्या पेशी काही महिन्यांत नव्या येतात, त्यांच्याबरोबर जुन्या खुणाही जातात. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं मात्र बदलत नाहीत. जन्मभर तीच. त्यातलं एक प्रथिन बाकीच्यांना सावरून धरतं, त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाही. त्याच्यावरच खुणा साठत गेल्या की त्याचं बळ सरतं आणि भिंग गढूळ होतं. मी आयुष्यभर बघितलं ते एवढंच.

तुला मधुमेह, आणि तुझं काम चव बघण्याचं. रविवारी श्रीखंड, सणाला बासुंदी, रोजच्या आमटीत गूळ. मी किती ओरडायची. ‘न चाखता वाढू? घर सोडून आलेली मुलं आहेत ती,’ हे तुझं उत्तर. शेवटी तह झाला, गोड मी चाखायचं. मी दारातून आत येते न येते तोच तू वाटी पुढे करतेस. ‘वेलदोडा?’ ‘कमी आहे.’ ‘तुला काय कळतंय,’ म्हणून स्वतः एक बोट घेतेसच. तो तह तू एक दिवसही पाळला नाहीस आणि मीही वाटी घ्यायची थांबले नाही. दिवसभरात आपण दोघी एकमेकींशी तेवढंच बोलायचो.

मग तुझं ऑपरेशन ठरलं. मी मुद्दाम रिकाम्या हाताने आले होते. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तू विचारलंस, ‘थर्मास कुठाय?’ मी म्हटलं, ‘तुझं नको.’ ‘का? आजवर आणलीस ती काय झाडाला लागली होती? जा, घेऊन ये.’ शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसत होती. मी गेले आणि घेऊन आले.

तुझं भिंग कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. भिंग बाहेरून आत सोलत जायचं असतं. बाहेरचे थर अलीकडचे, आतले जुने, आणि मधोमधचा कण जन्माच्याही आधीचा. कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून मी उभी होते आणि त्या कणाशी माझा हात थांबला. तो तू आजीच्या पोटात असतानाचा होता. मग वाटलं, वाया घालवला तर तू बोलशील. काम पूर्ण केलं. माझ्या पहिल्या शोधनिबंधातल्या आलेखावर तू एक ठिपका आहेस. ‘काय निघालं?’ तू विचारलंस. ‘साखर.’ ‘मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं.’

पट्टी सुटून जाड काचांचा चष्मा आला त्या दिवशी आधी तू स्वतःच्या पदराकडे बघितलंस. ‘अगं, ही निळी आहे? आणि मला हिरवी म्हणून नेसू दिलीस?’ मग माझ्याकडे बघितलंस, आणि बघतच राहिलीस. ‘किती वाळलीस गं. मला कुणी सांगितलं कसं नाही.’ त्या रात्रीपासून पंगतीच्या आधी माझं ताट वाढायला लागलीस. मुलं ताटकळत असायची. मला ते आवडायचं नाही असं मी दाखवायची.

माझे डॉक्टर तरुण आहेत. ‘मॅम, पेनलेस असतं एकदम, टेन्शन घेऊ नका.’ मी टेन्शन घेत नव्हते. काढलेलं भिंग मला मिळेल का, एवढंच विचारलं. ‘अख्खं निघतच नाही आता. आतल्या आत बारीक करून ओढून घेतो.’ मला ते माहीत होतं. तरी विचारलं. मी तुझ्या पोटात होते तेव्हा तू जे जेवलीस, त्यातून ह्या भिंगाचा मधला कण झाला आहे. बाकी बरंचसं शरीर किती वेळा नवं झालं, तो कण तसाच राहिला. त्याच्यातून मी सगळं बघितलं, तुझं भिंगही.

पण काल जिन्याची शेवटची पायरी दिसली नाही आणि कठडा धरावा लागला. गुरुवारी सकाळी विद्यार्थिनी गाडी घेऊन येणार आहे. ‘आता सर्दी चालणार नाही, मॅडम,’ असं तिने फोनवर बजावलंय. मी तिला सांगितलं, तू वेळेवर ये म्हणजे झालं. थर्मास घासून ओट्यावर पालथा घातलाय. त्यात न्यायला काही नाही, आणायलाही काही नसेल.

ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली, दोन्ही वेळा मीच सर्दी झाल्याचं कळवलं. आता तू नाहीस, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहून ठेवते. सर्दी नव्हती.